युद्धातल्या भाषणांतलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’

राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी दोन प्रश्न विचारले आहेत. युद्धाच्या दिवसांत नेते जी भाषणं करतात त्यांतली देशभक्ती खरी की वेळ मारून नेणारी, हे कसं ओळखायचं? आणि ‘राष्ट्र’ म्हणजे नेमके कोण लोक, हे त्या भाषणांतून कसं ठरत जातं?

पहिल्या प्रश्नाच्या मागे जाऊ नका असंच मी सांगेन. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते कागदावरून कळत नाही, आणि कळलं तरी त्याचा फारसा उपयोग नसतो. मनापासून बोललेल्या भाषणानेही माणसं तुटतात आणि तोलूनमापून लिहून दिलेल्या भाषणाने जोडली जातात. दुसरा प्रश्न मात्र माझ्या कामाचा आहे. मी तीसेक वर्षं राजकीय भाषणं हिंदी आणि इंग्रजीतून मराठीत आणली, आता तेच काम शिकवते. ऐकणारा भाषणाच्या ओघात वाहून जाऊ शकतो. भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक शब्दापाशी थांबावंच लागतं. या थांबण्यातून मला जे दिसलं ते सांगते.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ती एका सर्वनामापाशी. हिंदीत ‘हम’, इंग्रजीत ‘वुई’. मराठीत त्याला दोन शब्द आहेत आणि त्यांतला एक निवडल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. ‘आपण लढू’ म्हटलं की ऐकणारा आत आला. ‘आम्ही लढू’ म्हटलं की तो बाहेर राहिला. गुजराती, तमिळ, तेलुगू या भाषांतही हा भेद आहे. हिंदी, बंगाली, इंग्रजीत नाही. त्यामुळे दिल्लीहून झालेलं भाषण मराठीत यायचं तेव्हा मूळ वक्त्याला कधी न पडलेला प्रश्न माझ्या टेबलावर यायचा: या ‘हम’मध्ये ऐकणारा आहे की नाही? ‘हम मुकाबला करेंगे’ यातले ‘हम’ म्हणजे सरकार? सैन्य? की विदर्भातल्या गावात पारावर बसून रेडिओ ऐकणारा माणूससुद्धा?

मराठीत आणखी एक गुंता आहे. ‘आपण’ हा शब्द समोरच्याला आदराने उद्देशूनही येतो. मंचावरून कोणी म्हणालं, ‘आपण त्याग केला पाहिजे’, तर तो ‘मी आणि तुम्ही मिळून’ म्हणतो आहे की नुसतं ‘तुम्ही’? वाक्यावरून कळत नाही. क्रियापद बदलून बघितलं की लगेच कळतं. ‘आपण त्याग करू’ होतंय का ‘आपण त्याग कराल’? मराठी भाषण हाताशी असेल तर ही एक परीक्षा विद्यार्थ्यांना जरूर करायला लावा. ‘पाहिजे’, ‘हवा’, ‘लागेल’ असली क्रियापदं ओळीने आली, तर वक्त्याने स्वतःला आत घेतलंय का ते पुढच्या-मागच्या वाक्यांत शोधावं लागतं.

आता खरी उदाहरणं. १९६२ पासून सुरुवात करते, कारण स्वतंत्र भारताने युद्धाची भाषा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बोलायला घेतली ती तेव्हा. १९४७-४८ चं काश्मीर होतं, पण तेव्हा फाळणीच्या जखमेपुढे बाकी सगळं मागे पडलं होतं.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला सुरू झाला. २५ तारखेला नेहरूंनी एका सभेत कबूल केलं, की आधुनिक जगातल्या वास्तवापासून आपण दूर चाललो होतो, आपणच तयार केलेल्या कृत्रिम वातावरणात राहत होतो. हे वाक्य भाषांतरासाठी मी वर्गात दरवर्षी देते. बहुतेक मुलं इथे सहज ‘आपण’ लिहितात. मी विचारते: त्या वातावरणात कोण राहत होतं? देश, की परराष्ट्र धोरण ठरवणारी मंडळी? ‘आम्ही दूर चाललो होतो’ असं लिहिलं तर ती कबुली होते. ‘आपण दूर चाललो होतो’ असं लिहिलं तर चूक पंचेचाळीस कोटी लोकांत वाटली जाते. वाटली म्हणजे तिचा भार हलकाही होतो. मी स्वतः ‘आम्ही’ लिहिते. नेहरू चूक झटकणारे नव्हते असं माझं मत आहे, म्हणून. पण मूळ वाक्यात दोन्ही अर्थांना जागा आहे, हे मुलांपासून लपवत नाही.

मग १९ नोव्हेंबर. आजच्या अरुणाचलातलं बोमडिला चिनी फौजांच्या हाती पडलं होतं. नेहरू आकाशवाणीवर बोलले. शेवटपर्यंत लढण्याची प्रतिज्ञा त्या भाषणात आहे, मदतीचं वचन आहे, आसामच्या लोकांबद्दलची कळकळही आहे. एवढं असूनही आसाममध्ये आजपर्यंत लक्षात राहिलं ते एकच: आसामच्या लोकांसाठी माझं हृदय भरून येतं आहे, अशा अर्थाचे शब्द. तिथे ते निरोपासारखे ऐकू आले. सोडून चाललेल्या माणसाने वळून बघावं तसे. त्याच दिवसांत तेजपूर ओस पडत होतं. स्टेट बँकेतल्या नोटा जाळल्या गेल्या, नाणी तळ्यात टाकली गेली. अशा गावात बसून तो आवाज ऐकणाऱ्याने दुसरा अर्थ कसा लावावा?

असं का झालं याचं उत्तर व्याकरणात सापडतं असं मला वाटतं. त्या भाषणात आसामचे लोक तृतीय पुरुषी आहेत. ‘ते’, ‘त्यांना’, ‘त्यांच्या दाराशी’. सहानुभूती नेहमी दुसऱ्याविषयी असते. आपल्या घरच्यांना कोणी ‘तुमच्याबद्दल वाईट वाटतं’ असं म्हणत नाही. नेहरूंच्या मनात आसाम परका होता असा आरोप मी करत नाही. थकलेल्या, खचलेल्या माणसाने दिल्लीत बसून बोलताना नकाशा दिल्लीतून पाहिला, एवढंच झालं. पण युद्धातलं भाषण सगळ्यात लक्षपूर्वक ऐकतो तो तोफेच्या आवाजाजवळचा माणूस. ‘हम’मध्ये आपण आहोत की नाही हे त्याला पहिल्या मिनिटात समजतं.

याच काळातला दुसरा शब्द ‘पवित्र भूमी’. १४ नोव्हेंबरला लोकसभेने उभं राहून ठराव मंजूर केला, की लढा कितीही लांबला आणि कठीण झाला तरी आक्रमकाला भारताच्या पवित्र भूमीतून हुसकावून लावू. त्याआधीच्या चर्चेत शंभराहून अधिक खासदार बोलले होते आणि सरकारला धारेवर धरणारेही त्यांत होते. युद्ध चालू असताना संसद अशी बोलती राहिली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आता तीनच वर्षं मागे जा. १९५९ साली संसदेत अक्साई चीनबद्दल बोलताना नेहरूंनी म्हटलं होतं, की तिथे गवताचं पातंही उगवत नाही. तीच जमीन १९६२ मध्ये पवित्र झाली. जमीन तीच राहते, तिच्याकडे बघायची भाषा युद्ध बदलून टाकतं. विद्यार्थ्यांना हा बदल तारखांसह दाखवा, लगेच कळतो.

मराठीत हा शब्द आणताना एक सापळा आहे, तो इथे सांगायलाच हवा. इंग्रजी ठरावातल्या शब्दासाठी ‘पुण्यभूमी’ हा गोड, रुळलेला मराठी शब्द पटकन सुचतो. सुचला तरी लिहू नका. सावरकरांनी १९२३ मध्ये हिंदू कोण हे ठरवताना ‘पितृभू’ आणि ‘पुण्यभू’ या दोन कसोट्या घातल्या, आणि तेव्हापासून हा शब्द एका विशिष्ट व्याख्येचा भाग आहे. ज्यांची तीर्थस्थानं देशाबाहेर आहेत ते त्या व्याख्येत बसत नाहीत. ती व्याख्या कोणाला पटो न पटो, लोकसभेने त्या दिवशी जो ठराव केला तो सगळ्या सदस्यांचा होता, त्यांत मुस्लिम होते, ख्रिस्ती होते. ‘पुण्यभूमी’ लिहिलं तर भाषांतरकार त्यांतल्या काहींना उभ्या उभ्या सभागृहाबाहेर काढतो. म्हणून ‘पवित्र भूमी’. थोडा कोरडा वाटतो, पण दार उघडं ठेवतो.

शत्रूला काय म्हणायचं याबाबतही हाच विवेक लागतो. आक्रमक, घुसखोर, चीनचे राज्यकर्ते, चिनी फौजा, चिनी, चिन्यांनी… या उतरंडीवरून एकेक पायरी खाली गेलं की सरकारकडून माणसांकडे, आणि माणसांकडून वंशाकडे आपण सरकतो. १९६२ मध्ये हे सरकणं शब्दांत थांबलं नाही. भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. कित्येकांचा जन्म इथलाच. आसाममधल्या माकुमसारख्या गावांतून त्यांना आगगाडीत बसवून देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. ब्रिटिश काळात चहाच्या मळ्यांवर आणलेल्या मजुरांची ती नातवंडं-पतवंडं. घरात आसामी बोलणारी. काहीजण १९६७ पर्यंत तिथे होते. ज्या आठवड्यांत देशभर ‘हम सब एक हैं’ म्हटलं जात होतं, त्याच आठवड्यांतली ही गोष्ट आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ती असायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

आता महाराष्ट्राकडे येते. नोव्हेंबर १९६२ मध्ये कृष्ण मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य मराठीत कायमचं रुजलं. माझ्या आईच्या तोंडी ते होतं, शाळेत बाईंच्या तोंडी होतं. त्यातला अभिमान समजून घ्यायचा तर पाच वर्षं मागे जावं लागतं. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी काळे झेंडे दाखवले होते. शंभरावर माणसं त्या लढ्यात गेली होती. १ मे १९६० ला राज्य मिळालं. आणि अडीच वर्षांत दिल्लीला गरज पडली तेव्हा त्याच राज्याचा पहिला मुख्यमंत्री तिकडे निघाला. ज्यांच्यावर ‘प्रांताचं पाहता, देशाचं नाही’ असा ठपका ठेवला गेला होता, त्यांना या एका वाक्याने उत्तर देता आलं. मराठीपण आणि भारतीयपण यांत भांडण नाही, हे दोन डोंगरांच्या नात्यातून सांगितलं गेलं. राजकीय भाषेत इतकी नेमकी प्रतिमा क्वचित सापडते.

तरीही भाषांतरकार म्हणून मी त्या वाक्यापाशी थांबते. ‘मदतीला’ धावतो तो शेजारी, सोयरा, मित्र. हिमालय आपलाच असेल तर त्याच्या ‘मदतीला’ जातो म्हणजे काय? वाक्यात सह्याद्रीची माणसं दिसतात. हिमालय मात्र नुसता पर्वत आहे. तवांगचे मोनपा, लडाखचे मेंढपाळ, कामेंगमधून खाली आसामकडे चालत निघालेली कुटुंबं, यांच्यातलं कोणी त्या प्रतिमेत नाही. वाक्याचा मोठेपणा मी कमी करत नाही. पण तेही मनातून ‘आम्ही’चंच वाक्य आहे: आम्ही धावलो.

इथवर वाचून वाटेल, की म्हणजे ‘आपण’ जितकं मोठं, जितके लोक त्यात, तितकं भाषण चांगलं. तसं नाही, आणि हे समजायला गोव्यासारखं उदाहरण नाही.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९५१ मध्ये घटनेत बदल करून वसाहतींना ‘समुद्रापारचे प्रांत’ केलं. त्यानंतरच्या प्रत्येक अधिकृत भाषणात पोर्तुगाल हे युरोपातल्या मिन्होपासून आशियातल्या तिमोरपर्यंत पसरलेलं एकच राष्ट्र होतं आणि गोवा त्याचा अवयव. बघा, किती ऐसपैस ‘आपण’! युरोप, आफ्रिका, आशिया, सगळे आत. फक्त मडगावच्या, म्हापशाच्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. त्याच्याही आधी, १८ जून १९४६ ला, मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना पकडलं गेलं, कारण त्या राजवटीत सभा घेण्याचीही मुभा नव्हती. १४ डिसेंबर १९६१ ला सालाझारने गोव्याचे गव्हर्नर-जनरल वासालू इ सिल्वा यांना संदेश पाठवला, की शरण जाणं नाही, सैनिक आणि नाविक असतील ते विजयी किंवा मृत. लिस्बनमध्ये बसून दुसऱ्यांच्या मरणाची भाषा केली गेली. वासालू इ सिल्वांनी ती ऐकली नाही. १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, आणि मायदेशी त्याची शिक्षा भोगली. पणजीतली घरं आणि माणसं वाचली याचं बरंचसं श्रेय मी त्या अवज्ञेला देते.

म्हणून माझ्या तपासणीत दोन प्रश्न जोडीने येतात. ‘आपण’मध्ये कोणकोण आहे, आणि त्यांना आत घेताना त्यांचं ऐकलंय का? शिवाय तिसरा: मरायचं कोणी, आणि सांगतंय कोण?

हे तिन्ही प्रश्न घेऊन १९६५ कडे बघा. तिथे दोन भाषणं समोरासमोर ठेवता येतात, आणि मी शिकवते तेव्हा अख्खा आठवडा यांनाच देते.

६ सप्टेंबर १९६५ ला भारतीय फौजांनी लाहोर आघाडीवर सीमा ओलांडली. लोकसभेत ते सांगणारे संरक्षणमंत्री चव्हाणच होते. त्याच दिवशी पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान रेडिओवर बोलले. पाकिस्तानचे दहा कोटी लोक, ज्यांच्या हृदयांत कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन, घुमतो आहे, ते भारताच्या तोफा शांत होईपर्यंत स्वस्थ बसणार नाहीत, असं ते म्हणाले. त्या क्षणी ते भाषण फार परिणामकारक होतं. लाहोरच्या रस्त्यांवर लोक उतरले. पण मोजून बघा. दहा कोटींतले निम्म्याहून जास्त लोक पूर्व पाकिस्तानात होते. त्यांत लाखो बंगाली हिंदू होते, बौद्ध होते, ज्यांच्या हृदयात कलमा नव्हता. ते आकड्यात मोजले गेले आणि ओळखीतून वगळले गेले. आणि जे बंगाली मुसलमान कलम्याच्या नात्याने आत होते, त्यांचं काय? पूर्वेचं रक्षण पश्चिमेतून होईल असा लष्करी विचार होता. ढाक्याच्या बाजूला सैन्य अगदी तोकडं होतं. सतरा दिवस तो अख्खा प्रदेश जवळजवळ उघडा पडून होता. लोकांनी ते पाहिलं. पुढच्या फेब्रुवारीत, १९६६ मध्ये, पूर्व पाकिस्तानचे नेते शेख मुजीब यांनी लाहोरमध्येच सहा कलमी मागण्या मांडल्या. सहावी मागणी पूर्व पाकिस्तानच्या स्वतःच्या सशस्त्र दलाची होती. एका भाषणाने देश फुटला असं मी म्हणणार नाही, फुटीची कारणं भाषेपासून तागाच्या पैशापर्यंत पसरलेली आहेत. पण युद्धात दिलेली ओळख आणि युद्धात दिलेलं रक्षण यांचा मेळ बसला नाही की लोक तो हिशोब विसरत नाहीत.

आता दुसरं भाषण. २३ सप्टेंबरच्या पहाटे युद्धविराम झाला आणि त्यानंतर चारच दिवसांत लालबहादूर शास्त्री दिल्लीच्या रामलीला मैदानावर बोलले. बीबीसीने म्हटलं होतं, की शास्त्री हिंदू आहेत म्हणून ते पाकिस्तानशी युद्धाला तयार झाले. त्यावर शास्त्रींचं उत्तर असं: मी हिंदू आहे यात शंका नाही. या सभेचे अध्यक्ष मीर मुश्ताक मुसलमान आहेत. आत्ताच तुमच्यापुढे बोललेले फ्रँक अँथनी ख्रिस्ती आहेत. इथे शीख आहेत, पारशी आहेत. आपल्या देशात मंदिरं आहेत, मशिदी आहेत, गुरुद्वारे आणि चर्च आहेत, पण हे सगळं आपण राजकारणात आणत नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यातला फरक तो हाच.

हे भाषांतर करताना मला प्रत्येक ठिकाणी निःशंकपणे ‘आपण’ लिहिता आलं. एकदाही पेन अडलं नाही. कारण शास्त्रींनी ‘सर्वधर्मीय’ असा गोळाबेरीज शब्द वापरून काम भागवलं नाही. मंचावरची माणसं नावानिशी दाखवली. आधी स्वतःची ओळख लपवलीही नाही, ‘मी हिंदू आहे’ हे सरळ मान्य केलं, आणि मग त्या ओळखीचा युद्धाशी संबंध तोडला. आणि हे नुसतं मंचावर नव्हतं. त्या युद्धात परमवीर चक्र दोघांनाच मिळालं. खेमकरणजवळ जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडताना पडलेले अब्दुल हमीद, आणि पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. एक मुसलमान, एक पारशी.

शास्त्रींच्या भाषणांत आणखी एक गुण आहे, तो म्हणजे मागणं. युद्धातला नेता लोकांकडे काय मागतो, हे नेहमी बघा. रक्त मागणं सोपं असतं, कारण ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते द्यावं लागत नाही. शास्त्रींनी सोमवारचं रात्रीचं जेवण मागितलं. अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर देश अवलंबून होता आणि त्या गव्हाचं दडपण युद्धाच्या निर्णयांवर येत होतं, म्हणून आठवड्यातून एक वेळ चूल पेटवू नका म्हणाले. स्वतःच्या घरी आधी करून पाहिलं, मग लोकांना सांगितलं. बंगल्यापुढच्या हिरवळीवर नांगर घातला. ‘जय जवान, जय किसान’ हे शब्द आज भिंतींवर रंगवून गुळगुळीत झालेत, पण १९६५ मध्ये त्यांनी ‘आपण’ची हद्द प्रत्यक्ष हलवली होती. सरहद्दीवरच्या माणसाशेजारी बांधावरचा माणूस उभा राहिला. आमच्या घरी सोमवारी रात्री भाकरी थापली जायची नाही, हे आजीने कितीदा सांगितलंय. तिला अयूब खान कोण ते नीट ठाऊक नव्हतं. पण ती त्या वाक्यात होती.

भारताची बाजू इथे उजळ दिसते म्हणून एक गोष्ट जोडते. त्याच युद्धात पाकिस्तानने ‘शत्रू मालमत्ते’चा, म्हणजे शत्रुदेशाच्या लोकांची मालमत्ता ताब्यात घेण्याचा, आदेश काढला आणि पूर्वेकडच्या हिंदूंच्या जमिनी त्याखाली जाऊ लागल्या. आपण १९६८ मध्ये त्याच नावाचा कायदा केला. स्थलांतर करून गेलेल्या एका भावामुळे मागे राहिलेल्या, भारतीय नागरिक असलेल्या दुसऱ्या भावाच्या वाड्यावर ‘शत्रू’ हा शब्द चिकटू शकतो. भाषणातलं ‘आपण’ रामलीला मैदानाएवढं मोठं आणि कायद्यातलं त्याहून लहान, असं अंतर दोन्ही देशांत पडलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे.

१९७१ बद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले. इंदिरा गांधी कलकत्त्यात होत्या. दिल्लीला परतून मध्यरात्रीनंतर त्या देशाशी बोलल्या. बांगलादेशातलं युद्ध आता भारतावरचं युद्ध झालं आहे, हे त्यातलं कळीचं वाक्य. सुमारे एक कोटी निर्वासित महिनोन्‌महिने इथे होते, त्यामुळे हे वाक्य ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागलं नाही.

मला मात्र जास्त शिकवलं ते १६ डिसेंबरच्या निवेदनाने. पूर्वेकडे पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करल्याचं त्यांनी लोकसभेत सांगितलं, आणि मग म्हणाल्या: ढाका आता एका स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी आहे. विजयाच्या घोषणेत मान दुसऱ्याच्या राजधानीला. मग बांगलादेशच्या जनतेचं अभिनंदन, तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिवाहिनीचा गौरव. आपली उद्दिष्टं मर्यादित होती आणि गरजेपेक्षा जास्त काळ आपलं सैन्य तिथे थांबणार नाही, असा खुलासा. सगळं मिळून काही मिनिटांचं. सभागृहात बाकं वाजत होती, आणि त्या क्षणी ‘आम्ही जिंकलो’ म्हणायला कोणाचीच आडकाठी नव्हती. ते वाक्य तिथे नाही. लिहिणाऱ्याने ते टाळलंय, जाणूनबुजून.

या निवेदनाचं मराठी करताना मला एक मोह झाला होता तो सांगते, कारण तुमच्या विद्यार्थ्यांनाही तो होईल. मराठी युद्धभाषेत इतिहास ठासून भरलेला आहे. शत्रू म्हटलं की ‘गनीम’, आक्रमण म्हटलं की ‘परचक्र’, दारुण पराभव म्हटलं की ‘पानिपत’. १७६१ चा तो घाव आपल्या भाषेत असा मुरलाय, की दुसऱ्याच्या हरण्यालाही आपण तेच नाव देतो. पहिल्या खर्ड्यात मी लिहून गेले, ‘पाकिस्तानी फौजांचं पानिपत’. वाचायला झणझणीत. पण लिहिल्याबरोबर ते बांगलादेशचं युद्ध राहिलं नाही. मराठे आणि अफगाण यांचा दोनशे वर्षांपूर्वीचा हिशोब झाला. सिल्हेटच्या, खुलन्याच्या माणसाचा विजय मी उचलून पुण्याच्या पेठेत आणला होता. खोडलं. ‘बिनशर्त शरणागती’ एवढंच ठेवलं. आपल्या ओळखीचे शब्द भाषणात घालायचा अधिकार वक्त्याचा; भाषांतर करणाऱ्याने ते मागच्या दाराने आत आणू नयेत. आणि मराठी वक्ता स्वतःहून ‘गनीम’ म्हणत असेल, तर इतिहासातला कोणता शत्रू तो आजच्या शत्रूला जोडतोय, आणि त्या जोडण्याने आज इथे राहणारं कोण बाहेर पडतंय, हे विचारावं.

‘हुतात्मा’ आणि ‘शहीद’ यांबद्दलही नेहमी विचारणा होते. मी दोन्ही लिहिते. मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी आपल्याच पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेल्यांना मराठीने ‘हुतात्मा’ म्हटलं, आणि सरहद्दीवर पडलेल्या जवानालाही तोच शब्द दिला. या शब्दाला सरकारच्या विरोधात आणि सरकारच्या बाजूने असं दोन्हीकडे मरण ठाऊक आहे, म्हणून तो मला जवळचा वाटतो. ‘शहीद’ गावोगावच्या कमानींवर रुळलाय, तो काढून टाकायची गरज नाही. हमीदांसाठी एक शब्द आणि तारापोरांसाठी दुसरा, असं मात्र कधी करू नये.

वर्गात हे कसं घ्यायचं, तेही सांगते. १९ नोव्हेंबर १९६२ चं नेहरूंचं भाषण आणि रामलीला मैदानावरचं शास्त्रींचं भाषण, दोन्ही छापून द्या. तीन रंगांच्या पेन्सिली द्या. ‘आपण’ अर्थाच्या प्रत्येक ‘हम’ला एक रंग, ‘आम्ही’ अर्थाच्या ‘हम’ला दुसरा, ‘ते’ आणि ‘त्यांना’ याला तिसरा. वाद होतील, होऊ द्या. एकाच ‘हम’वर दोन मुलांचे दोन रंग पडले की समजा धडा सुरू झाला. मग वर्गातल्या प्रत्येकाला एकेक माणूस द्या: तेजपूरचा दुकानदार, माकुमची चिनी वंशाची मुलगी, पुण्यातली कॉलेजात जाणारी मुलगी, साताऱ्यातली सैनिकाची बायको, जुन्या दिल्लीतला मुसलमान शिंपी. त्या माणसाच्या जागी बसून भाषण पुन्हा वाचायला सांगा आणि आपण कोणत्या रंगात आहोत ते लिहायला सांगा. एका तासात होत नाही, तीन ठेवा. माकुमच्या मुलीचा कागद ज्याच्याकडे जाईल त्याला थोडा जास्त वेळ द्या.